समुद्र किनारा खातो, आमची नदी पांढरी खाते. हातात काय आहे?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, कापूस-तूर करणारा माणूस. आमच्या वावराच्या टोकाला वर्धा नदी आहे आणि थडीवर जुनी पांढरी, म्हणजे उठून गेलेल्या वस्तीची माती. आजा सांगायचा, इथं आधी गाव होतं. नांगराला खापरं लागतात, मणी लागतात. पलीकडच्या काठानं थोडं गेलं की कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर.

दिवाळीनंतर पुतण्याकडे मालवणला गेलो होतो. समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. एका पुळणीवर सुरूची मोठमोठी झाडं मुळं वर करून आडवी पडलेली. तिथले एक काका म्हणाले, "आमच्या लहानपणी ही झाडं पाण्यापासून लांब होती." मला एकदम आमची दरडच दिसली. होडीतून सिंधुदुर्ग पाहताना नजर बुरजाकडे कमी आणि पायथ्याशी आदळणाऱ्या लाटेकडे जास्त जात होती.

घरी आल्यावर आधी थडीवर गेलो. यंदाच्या पुरानं दरड पुन्हा कोसळली आहे. माझ्या बापाच्या काळी बाभळीपासून काठ अकरा पावलं होता, आता चार. उभ्या कापात राखेचा काळा पट्टा दिसतो, त्याखाली भाजलेल्या मातीचे गोळे, त्यांवर कुडाच्या काड्यांचे ठसे जसेच्या तसे. आणि एका जागी मातीची भाजलेली कडी, एकावर एक ठेवलेली, चाकाएवढी रुंद. गेल्या साली चार मोजली होती. यंदा दोनच आहेत. बाकीची दोन पाण्यात गेली. याचं मला फार वाईट वाटलं.

एका कार्यालयात अर्ज दिला त्याला दोन वर्षं झाली, कोणी पाहायला आलं नाही. आता तीन गोष्टी विचारतो. समुद्राकाठी हे नेमकं कसं होतं, आणि तिथले लोक काय करतात? दरडीला दगड टाकू का? उरलेली कडी काढून घरी ठेवू का? बायको म्हणते, "हे कायले नेतं घरी?" तिचंही खरं असेल. पण पुढच्या पुरात तीही जातील.

मालवणची वाट

दादा, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. उधाणाची भरती आणि पावसाळी वारा एकत्र आले की लाट पुळणीचा पायाच ओढून नेते. वाळू पावसाळ्यानंतर बरीचशी परत येते, आम्ही दरवर्षी बघतो. पण वाळूच्या मागची जुनी माती एकदा गेली की गेली. तिच्यात विहीर असो, चौथरा असो, तो परत येत नाही.

तुमच्या नदीला वर्षातून एकदा-दोनदा पूर येतो. इथे दिवसातून दोनदा भरती आहे, आणि वर खार. दगडाच्या सांध्यात खारं पाणी शिरतं, सुकतं, मिठाचे खडे फुगतात, चुना भुसभुशीत होतो. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर उभा राहिला, अजून उभा आहे. पण १९०१ ते २०१८ या काळात जगात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली, आणि वाढीचा वेग अलीकडे जास्त आहे. वीतभर पाणी चढलं की लाट पूर्वी जिथे पोचत नव्हती तिथे पोचते.

दगडाबद्दल सांगतो, कारण आम्ही भोगलंय. धूपप्रतिबंधक बंधारा घातला की त्याच्या मागची जमीन वाचते, पण बंधारा संपतो त्या टोकाला समुद्र दुप्पट खातो. शेजाऱ्याची बाग अशीच गेली.

खापरवेडी

भाऊ, कडी काढू नका. हात जोडून सांगते. मी उत्खननावर काम केलं आहे. ती कड्यांची विहीर आहे, भाजलेल्या मातीची वर्तुळं एकावर एक रचून केलेली. पुम्पुहारला, तमिळनाडूत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात अशीच कडी मिळाली आहेत. तिथून दक्षिणेला तरंगंबाडीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं मासिलामणी मंदिर आहे, त्याचा पुढचा भाग समुद्रानं नेला. महाबलीपुरमला उलटं झालं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं वाळू खरवडली आणि गाडलेली शिल्पं उघडी पडली. उघडी पडली म्हणजे वाचली असं नाही, त्या दिवसापासून लाटांचा मारा सुरू.

कडं घरी नेलं तर तुमच्याकडे एक कडं राहील. ते कोणत्या थरातून खणलं होतं, राखेच्या पट्ट्याच्या आधी की नंतर, हे मात्र फक्त दरडीतच वाचता येतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गावकरी हेच करतात, वादळ झालं की स्वतः जाऊन फोटो आणि नोंद. तुम्ही दर पुरानंतर एकाच जागी उभं राहून फोटो काढा. शेजारी पट्टी धरा. तारीख लिहा. काठापासूनचं अंतर बाभळीवरून मोजा. वावराचं पाणी दरडीकडे उतरत असेल तर चारी दुसरीकडे वळवा. पूर ओसरल्यावर भिजलेली दरड जास्त कोसळते. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या नदीकडच्या बाजूला उभे राहू नका, खाली तर मुळीच नको.

अर्ज पुन्हा द्या, पण फोटो जोडून. नागपूरला पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे, विद्यापीठाचा प्राचीन इतिहास-पुरातत्त्व विभाग आहे. कौंडिण्यपूरचं उत्खनन १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी केलं होतं, त्याचा उल्लेख करा. जमिनीतून मौल्यवान काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवू नका, विकू नका.

एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. तुमची वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते. गोदावरीचा गाळ धरणांत अडतो, म्हणून मुखाशी नवी माती कमी पडते आणि तिथला किनारा झिजतो. नदी आणि समुद्र इतके वेगळे नाहीत.

पवनारची सून

आमच्याकडे पवनारला धाब्याच्या घरांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, टाकायला गाडीगाडीनं पांढरी नेत असत, सासरे सांगतात. १९६७ मध्ये धाम नदीकाठी उत्खनन झालं तेव्हा लोकांना कळलं की आपण काय उचलत होतो. नदीला एकटीला दोष देऊ नये.

वर्धाकाठ

खापरवेडी ताई, मालवणचे दादा, पवनारच्या वहिनी, मनापासून आभार. दगड टाकत नाही. आज सकाळी पुतण्याच्या पोरीला घेऊन गेलो, तिची शाळेची पट्टी बांबूला बांधली आणि बाजूनं, लांबून फोटो काढले, बाभळीखाली उभं राहून. खुणेसाठी बुडाशी चुन्याची फुली मारली. चारी उद्या वळवतो, तुरीच्या दोन ओळी जातील, जाऊ द्या.

वरचं कडं डाव्या बाजूनं तडकलं आहे, खालचं शाबूत. त्याच्या आतल्या मातीत एका मडक्याची कड दिसते, आतून काळी, बाहेरून तांबडी. बाभळीपासून काठ चार पावलं, वर एक वीत. सोमवारी अर्ज घेऊन जातो.