अनुभव धागा: ब्रिंडिसीला तुम्ही कसे पोचलात?

सुमेधा_के
माळ्यावरच्या ट्रंका उपसणं चाललंय आमच्याकडे, त्यात सासऱ्यांच्या आजोबांना आलेलं एक पाकीट सापडलं. लंडनहून मुंबईला, एडवर्ड राजाच्या तोंडाचं तिकीट आणि कोपऱ्यात तिरक्या अक्षरात शाईने लिहिलेलं 'व्हाया ब्रिंडिसी'. ब्रिंडिसी म्हणजे इटलीच्या दक्षिणेला समुद्रावरचं बंदराचं गाव, मी तिथे जाऊन आलेय हे घरात कोणाच्या लक्षातही नव्हतं! मग सगळं आठवलं, रोम टर्मिनीहून थेट गाडी, पाच तासांच्या वर, कासेर्ता, बेनेव्हेंतो, फोज्जा, बारी करत करत. डावीकडची खिडकी धरा बरं का, बार्लेत्ताच्या पुढे समुद्र त्या बाजूला दिसतो. उतरलो तर भर दुपार, सगळी दुकानं बंद, आणि गावात आमच्याशिवाय बॅगा ओढणारं कोणी नाही. स्टेशनमधून बाहेर पडून कोर्सो उंबेर्तो, पुढे कोर्सो गारिबाल्दी, सरळ चालत राहिलं की रस्ताच तुम्हाला बंदरावर नेऊन सोडतो.

मुंबईची डाक १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत याच गावातून यायची. लंडन, कॅले, आल्प्सखालचा बोगदा, इटली उभी पार करून ब्रिंडिसी आणि तिथून पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची बोट सुएझकडे. धक्क्यावर त्या प्रवाशांसाठी बांधलेलं हॉटेल अजून आहे, तेव्हा त्याचं नाव चक्क ईस्ट इंडीजवरून ठेवलेलं. आणि आज आपल्यातलं कोणी मुद्दाम तिथे जात नाही, सगळे अमाल्फी नाहीतर व्हेनिस. तर जे गेलेत त्यांनी लिहा, ट्रेनने, बसने, गाडीने, कसेही.

पक्या_नाशिककर
पहिला!
बारीत राहिलो होतो, तिथून रेजिओनाले, म्हणजे साधी लोकल गाडी, पकडली. तासाभराहून थोडा जास्त वेळ, तिकीट स्वस्त, रिझर्वेशनची भानगड नाही. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या नाहीतर टीसी दंड लावतो आणि टुरिस्ट म्हणून दया वगैरे काही नाही. बाकी लिहितो नंतर, बॉस आलाय

रेवती मुक्कामपोस्ट
ताई ते तिकीट पाकिटावरून काढू नका!!! वाफेवर तर अजिबात नको. अख्खं पाकीट शिक्क्यांसकट ठेवा. मागच्या बाजूला मुंबईचा शिक्का आहे का?

सुमेधा_के
आहे गं, पण पुसट. मुलगा आत्ताच चहाची किटली घेऊन आला होता, हाकलला त्याला.

मीनल_दोहा
आम्ही गाडी. बारी एअरपोर्टवरून घेतली. सुपरस्त्रादा आहे खाली ब्रिंडिसीपर्यंत, चार पदरी, टोल नाही, समुद्र मधूनमधून डोकावतो. अंतर जेमतेम सव्वाशे किमी पण आम्हाला पूर्ण दिवस लागला कारण पोलिन्यानोला थांबलो, मग मोनोपोलीला थांबलो, मग ओस्तुनीचं पांढरं गाव डोंगरावर दिसलं तर यांना तिथेही वर जायचं होतं. ज्यांना वेळेत पोचायचंय त्यांनी नवऱ्याला मागे बसवा.
गावात शिरताना झेड टी एलची (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) पाटी बघत जा, पांढऱ्या गोलाला लाल कड. कॅमेरे असतात, दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं आणि गाडीवाली कंपनी पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापते. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीतच.

अण्णा_१९५६
तुम्ही सगळे फार आरामात गेलात. सत्तरच्या दशकाचा शेवट, मी स्टुटगार्टला शिकायला. उन्हाळ्यात अख्खी जर्मनी खांद्यावर बॅग टाकून ग्रीसला निघायची आणि ग्रीसला जायचं म्हणजे ब्रिंडिसीवरूनच. गाडीत बसायला जागा नाही, कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र अंथरून झोपलो, बोलोन्याच्या पुढे पाणी संपलं. पण ती गाडी बंदरावरच्या स्टेशनापर्यंत जायची, उतरलं की समोर बोट. संध्याकाळी गावात नुसती पोरंच पोरं, प्रत्येकाच्या हातात पाव आणि टोमॅटो. रात्री डेकवर, सकाळी कोर्फू, मग पात्रास. डेकवर एक सरदारजी भेटला, त्याच्याकडे लोणचं होतं!!! त्या लोणच्यावर एक वेगळा धागा होईल.

पक्या_नाशिककर
अण्णा काढाच धागा लोणच्याचा

डेकहँड_दापोली
अण्णा, आता बोटी गावातून सुटत नाहीत. ग्रीस आणि अल्बानियाच्या फेऱ्या कोस्ता मोरेनावरून, ते गावाबाहेर आहे, चालत जायच्या फंदात पडू नका, ट्रक आणि धूळ आणि फूटपाथ नाही. स्टेशनवरून बस बघा किंवा टॅक्सी करा. आम्ही कोळसा घेऊन त्याच भागात लागायचो, गावातल्या वीजकेंद्रासाठी. किनाऱ्याची सुट्टी मिळाली की एजंटच्या व्हॅनने गावात, पहिलं काम घरी फोन, दुसरं काम आइस्क्रीम. ऐतिहासिक वगैरे आम्हाला काही माहीत नव्हतं, तो एक उंच खांब दिसायचा पाण्यावरून तेवढाच.

रेवती मुक्कामपोस्ट
तो खांब म्हणजे रोमन! दोन होते, एक १५२८ मध्ये कोसळला, त्याचे तुकडे पुढे जवळच्या लेच्चे शहरवाल्यांनी नेले आणि त्यावर आपला संत उभा केला. रोमहून येणाऱ्या अपिया रस्त्याचं शेवटचं टोक तिथे मानतात. इसपू ३१२ मध्ये सुरू केलेला रस्ता, २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. म्हणजे मीनलच्या आधी दोनेक हजार वर्षं लोक याच गावाला रोडने येतायत.

मीनल_दोहा
आणि त्यांच्याही नवऱ्यांना ओस्तुनीला थांबायचं असणार 😂

विसूभाऊ
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गांधीजी गोलमेज परिषदेवरून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये रोमहून ट्रेनने ब्रिंडिसीला आले आणि तिथून पिल्स्ना बोटीने मुंबईला, २८ डिसेंबरला पोचले. लंडनमध्ये त्यांच्यावर नेमलेले स्कॉटलंड यार्डचे दोन सार्जंटसुद्धा ब्रिंडिसीपर्यंत सोबत होते, गांधीजींनीच तशी इच्छा सांगितली होती. नंतर दोघांना घड्याळं पाठवली भेट म्हणून. आम्ही मुद्दाम धक्क्यावर जाऊन उभे राहिलो, बायको म्हणाली फोटो काय काढायचा इथे, पाणीच तर आहे. पण मला फार बरं वाटलं.

पक्या_नाशिककर
हायला हे माहीतच नव्हतं. म्हणजे सुमेधाताईंनी आणि गांधीजींनी एकच रूट धरला

सुमेधा_के
विसूभाऊ _/\_ आम्ही त्याच धक्क्यावर केळी खात बसलो होतो, तेव्हा कळायला हवं होतं.

कट्टर_शाकाहारी
जेवणाचं काय?

मीनल_दोहा
अजिबात हाल नाहीत, पुलियामध्ये (बारी-ब्रिंडिसीचा हा सगळा प्रांत) शाकाहारी सुखी. फावे ए चिकोरिया मागा, सोललेल्या बाकल्याचं पिठलंच समजा, बाजूला कडवट पालेभाजी. फोकाच्या, म्हणजे तिकडचा चपटा पाव, तर कुठेही.

ओंकार_म्युनिक
आम्ही विमान. एअरपोर्ट गावाला इतका चिकटून आहे की बसमध्ये सीट मिळाली म्हणेपर्यंत स्टेशन आलं. ज्यांना लेच्चे करायचंय त्यांनीही इथेच उतरावं, पुढे ट्रेनने अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासात खिडकीबाहेर बघवत नाही, ऑलिव्हची झाडं मैलोनमैल वाळून राखाडी उभी. झायलेला नावाचा जिवाणू, २०१३ मध्ये तिकडे खाली पहिल्यांदा सापडला, मग वर वर सरकत आला. शेजारी बसलेल्या आजोबांनी हातानेच दाखवलं, तिथपर्यंत आमचं होतं. भाषा येत नसून सगळं कळलं. आमच्या आजोळी नारळावर रोग पडला होता तेव्हा आजी अशीच बोट दाखवायची.
असो. संप असेल त्या दिवशी घाबरू नका, कामाच्या दिवशी लोकल गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठेवतातच. रविवारी मात्र देवाचं नाव घ्या.

चिऊताई_ठाणे
बंदरातली छोटी बोट कोणीच नाही सांगितली! या काठावरून त्या काठावर, काही मिनिटांत, तिकीट किरकोळ. पलीकडे खलाशांचं स्मारक आहे, सुकाणूच्या आकाराचं, ५३ मीटर उंच, १९३३ चं. शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या, सगळं त्याच बोटीत. माझ्या लेकीने चार वेळा नेलं आणि आणलं, रोमपेक्षा तिला तेच आवडलं. स्ट्रोलर चढतो.

विसूभाऊ
इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल पण बोटीनेच आला होता ब्रिंडिसीला, सप्टेंबर १९४३, रोम सोडून पळाला तेव्हा ओर्तोनाहून युद्धनौकेने. काही महिने हीच इटलीची राजधानी. त्याला तिकिटावर शिक्का मारावा लागला नाही.

नवखा_प्रवासी
मे मध्ये जायचा विचार आहे. भारतातलं लायसन्स चालतं का तिकडे? आणि बारी आणि ब्रिंडिसी एकच का? गूगल गोंधळ करतंय

मीनल_दोहा
एकच नाही रे, वरती वाच. लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, आपल्या आरटीओतून निघतं, १००० रुपये फी, एक वर्ष चालतं. पासपोर्टची कॉपी लागेल. मूळ लायसन्स पण बरोबर ठेव, नुसतं परमिट दाखवून गाडी देत नाहीत.

नवखा_प्रवासी
थँक्यू ताई. व्हिसाच अजून झाला नाहीये

अण्णा_१९५६
मग ट्रेनने जा. आणि लोणचं ने.

रेवती मुक्कामपोस्ट
सुमेधाताई त्या पाकिटाचा फोटो टाका ना दोन्ही बाजूंचा, शिक्क्यावरची तारीख वाचायचा प्रयत्न करते. फ्लॅश बंद ठेवा.

सुमेधा_के
टाकते रात्री, आत्ता पोळ्या चालल्यात.