बंपरमध्ये जादा रिव्हर्स दिवे: रिले लावू की थेट जोडू? (स्कॉर्पिओ, नाशिक)

गिरणारेकर

मंडळी, गाडी स्कॉर्पिओ, २०१५, डिझेल, मॅन्युअल गिअर. द्राक्षाच्या हंगामात रात्री बागेच्या कडेने गाडी मागं घ्यावी लागते. अँगल, ताण दिलेल्या तारा, ड्रिपच्या नळ्या, क्रेटची थप्पी, मूळच्या रिव्हर्स लाइटमध्ये यातलं काही धड दिसत नाही. कॅमेऱ्यात तर नुसत्या मुंग्या. १८ वॅटचे दोन चौकोनी एलईडी घेतलेत, ७५ मिमीचे. ते मागच्या बंपरमध्ये आत बसलेले हवेत, खाली लोंबकळणारे नकोत.

दुकानदार म्हणतो, बल्बच्या वायरीला पिळा मारा, टेप गुंडाळा, झालं काम. खरंच एवढं सोपं आहे का? बंपर कापताना काय सांभाळायचं? आणि डॅशबोर्डवरून वेगळा स्विच घेतला तर पोलीस अडवतील का?

तांब्याची_तार

पिळा मारलात तर पहिल्या दिवशी चालेलच, म्हणून तर दुकानदार तसं सांगतो. हिशेब बघा. रिव्हर्सचे मूळ बल्ब बहुतेक गाड्यांत २१ वॅटचे. दोन असतील तर ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. त्यात तुमचे ३६ वॅट, आणखी तीन अँपिअर. हा सगळा करंट गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचच्या एवढ्याशा काँटॅक्टमधून जाणार. काँटॅक्ट हळूहळू जळतो, मग कधी दिवा लागतो, कधी नाही, आणि स्विच बदलायला गाडीखाली झोपावं लागतं. शिवाय बल्बपर्यंत आलेली वायर अर्ध्या-पाऊण स्क्वेअर एमएमची, आणि तोच फ्यूज बऱ्याच गाड्यांत आणखी कशाला तरी दिलेला असतो. रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. त्याची कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, मूळ वायरीला ते जाणवतही नाही. तेव्हा रिलेच लावा.

सामान: चार पिनांचा १२ व्होल्ट ३०/४० अँपिअर रिले आणि त्याचं सॉकेट, वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर आणि ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची लाल वायर ७ मीटर, काळी दीड मीटर, सिग्नलसाठी ०.७५ ची एक मीटर, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, रिंग थिंबल (वायरीच्या टोकाला चेपायचं कडं), कॉरुगेटेड पाइप, केबल टाय. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते, ती नको. टोक खरवडून बघा, आतून पांढरं निघालं तर परत द्या.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. बऱ्याच जणांचा फ्यूज डिकीत, रिलेच्या शेजारी असतो, आणि मधली सहा मीटर वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. फ्यूजवरून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ वरून दिव्यांच्या लाल वायरी. ८६ ला रिव्हर्सचा सिग्नल, ८५ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधल्या ८७ए ला काही जोडू नका, नाहीतर गिअर पुढचा असताना दिवे लागतील आणि रिव्हर्स टाकल्यावर विझतील.

कॉइलवर वन एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, त्यावरच्या पट्टीचं टोक ८६ कडे. रिले सुटताना उलटा झटका बसतो, तो डायोड गिळतो. काही रिलेत डायोड आतच असतो. झाकणावरच्या आकृतीत तो दिसला तर बाहेरचा नको, पण मग ८५-८६ उलटसुलट चालत नाहीत.

डिकीत १२ व्होल्टचं सॉकेट असेल तर एक आडवाट आहे. त्याला जाडसर वायर आणि १५-२० अँपिअरचा फ्यूज कंपनीचाच असतो. तिथून ३० ला सप्लाय घेतला तर इंजिनपासून वायर ओढायची मेहनत वाचते. किल्ली काढल्यावर ते सॉकेट बंद होतं का, टेस्ट लॅम्प लावून बघा. पुढे ५ चा फ्यूज मात्र वेगळा हवाच.

सिग्नलची वायर रंगावरून ओळखू नका. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद, किल्ली ऑन, रिव्हर्स गिअर. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. फक्त रिव्हर्समध्ये १२ च्या आसपास दाखवते आणि ब्रेक दाबला, पार्किंग लावलं तरी शून्यावर राहते तीच वायर. सापडली की बॅटरीचा मायनस काढा, मग कापाकापी.

निळ्या चिमट्याचे जॉइंट, जे वायरीवर दाबून बसवतात, ते डिकीच्या आत एखाद वेळ खपतील. बंपरमागे नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडतं.

सातपूर_फॅब

वायरिंगचं वरती आलंय, मी बंपरचं सांगतो.

गाडीवर बंपर असताना भोक पाडू नका. आधी खाली उतरवा. प्लास्टिकच्या मागे लोखंडी बीम, सेन्सरच्या वायरी, टो हुक, सायलेन्सरचं टोक असं काय काय असतं, ते पुढून दिसत नाही. ७५ मिमीच्या दिव्याची खोली फिन्स (मागच्या थंड करणाऱ्या पट्ट्या) धरून साधारण तेवढीच असते, त्यामागे कनेक्टर, आणि हवा खेळायला अजून २०-२५ मिमी. एवढी जागा भरत नसेल तर जागा बदला, बीम कापू नका. मागून धडक बसली की ती बीमच झेलते. सायलेन्सरपासून निदान वीतभर लांब, नाहीतर काच काजळीने काळी.

दिव्याचं वजन प्लास्टिकवर टाकू नका. हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा. बंपरच्या कातडीला नट मारला की खडकाळ रस्त्यावर दिवा थरथरतो, झोत नाचतो आणि महिन्या-दोन महिन्यांत भोकापासून तडा जातो. २५ बाय ३ मिमीची लोखंडी पट्टी एल आकारात वाकवून घ्या, अंबड किंवा सातपूरला कोणीही फॅब्रिकेशनवाला करून देईल. बंपर ब्रॅकेटचा जो मूळ एम८ बोल्ट आहे त्याखालीच पट्टी धरा, नायलॉक नट (थरथरीने न सुटणारा) लावा. दिवा पट्टीवर उभा, बंपरला कुठेही टेकलेला नाही, चारी बाजूंनी २ ते ३ मिमी फट. उन्हात प्लास्टिक फुगतं, ती फट त्यासाठी.

पट्टीला झिंक प्रायमर दोन हात, मग काळा रंग. बागेत फिरणारी गाडी आहे म्हणून मुद्दाम सांगतो: फवारणीच्या बोर्डोचं पाणी उडतं, त्यातलं मोरचूद उघड्या लोखंडाला फार लवकर खातं. नट-बोल्ट स्टेनलेसचे घेतले तर बरं.

कापायची पद्धत. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, त्यावर पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीची रेघ. माप बंपरच्या मध्यापासूनही घ्या आणि चाकाच्या कमानीपासूनही. दोन्ही जुळली तरच ड्रिल उचला. डोळ्यांना एका सेंटिमीटरचा फरकसुद्धा लगेच दिसतो. चारी कोपऱ्यांत आधी १० मिमीची भोकं, मग हॅकसॉच्या पात्याने भोकापासून भोकापर्यंत. काटकोनी कोपरा ठेवलात तर तडा तिथूनच सुरू होतो, गोल कोपरा तडा धरत नाही. ड्रिल हळू फिरवा. वेगात प्लास्टिक कापलं जात नाही, वितळतं आणि बिटला चिकटतं. रेघेच्या आत २ मिमी ठेवून कापा, उरलेलं कानशीने काढा.

आणि लाल रिफ्लेक्टर काढून त्या खाचेत दिवे बसवण्याचा मोह टाळा. गाडीचे दिवे बंद असताना मागच्याला गाडी दिसते ती त्या रिफ्लेक्टरमुळे. ते कायद्यानेही लागतात.

पार्किंग सेन्सर असतील तर दिव्याची कड त्यांच्या पुढे येऊ देऊ नका, नाहीतर मागे काही नसताना सतत टीं-टीं.

पाथर्डी_फाटा

झोताबद्दल कोणी बोललं नाही. तुमचे दिवे फ्लड (पसरट झोताचे) आहेत की स्पॉट (अरुंद, लांब झोताचे)? स्पॉट असतील तर परत करा. रिव्हर्सला रुंद उजेड लागतो, लांब नाही. दहा मीटरवरचा अँगल दिसून काय उपयोग, दीड मीटरवरची तार दिसायला हवी.

दिवा जमिनीपासून ६० सेंमीवर असेल तर झोताचा मध्य साडेचार मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे. लावायची सोपी रीत: सपाट जागी गाडीची पाठ भिंतीपासून ३ मीटरवर ठेवा. भिंतीवर झोताचा मध्य जमिनीपासून २० सेंमीवर यायला हवा. त्यापेक्षा वर असेल तर मागच्याच्या डोळ्यांत जाईल. दोन्ही दिवे किंचित बाहेरच्या बाजूला फिरवा. मध्ये मूळ बल्बचा उजेड असतोच, अंधार असतो तो चाकांच्या बाहेर.

कॅमेऱ्याच्या मुंग्या उजेड वाढला की जातील. पण दिव्याचा उजेड बंपरच्या वरच्या कडेवर पडून लेन्समध्ये परत आला तर कॅमेरा सगळं चित्र काळवंडून टाकतो. दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बंपरच्या टोकांकडे ठेवा. कडेवर उजेड दिसलाच तर दिवा ५ मिमी बाहेर घ्या.

कायद्याचं. रिव्हर्सचा दिवा पांढराच हवा आणि रिव्हर्स गिअरमध्येच लागला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम मागच्या बाजूला लाल सोडून इतर रंगाचा दिवा चालवून घेत नाही, रिव्हर्सचा पांढरा त्यातल्या मोजक्या अपवादांत येतो. म्हणजे डॅशबोर्डच्या स्विचवरून पुढे जाताना पेटणारा ‘वर्क लाइट’ रस्त्यावर बसतच नाही. दुसरं, एआयएस ००८ (गाडीच्या दिव्यांचं भारतीय मानक) प्रमाणे ६ मीटरच्या आतल्या गाडीला एक रिव्हर्स दिवा सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. जादा जोडी त्या चौकटीबाहेर जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर मर्यादा आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए(४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे माहीत असून बसवायचे तर निदान रस्त्यावर ते बंद राहतील अशी सोय करा.

गिरणारेकर

फ्लडच आहेत. बंद ठेवायचा स्विच कुठे टाकू? आणि जॉइंट सोल्डर करू की क्रिंप (पकडीने चेपून)?

तांब्याची_तार

स्विच ८५ च्या अर्थ वायरीत, डिकीच्या लाइनिंगवर. बागेत आलात की चालू, रस्त्यावर बंद. ८६ मध्ये टाकला तरी काम तेच होईल, पण अर्थ बाजूची वायर घासून बॉडीला लागली तर फार तर रिव्हर्समध्ये दिवे लागतील. ८६ ची लागली तर रिव्हर्सचा मूळ फ्यूजच उडेल आणि मूळ बल्बही लागणार नाहीत. स्विचने रिव्हर्स गिअरला वळसा घालून थेट प्लस देऊ नका, वरती कायद्याचं सांगितलंय ते त्याच्याचसाठी.

जॉइंटचं: डिकीच्या आत सोल्डर चालेल. बंपरमागे क्रिंप आणि गोंदवाली स्लीव्ह. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

सातपूर_फॅब

सोल्डर करून वायर दोन्ही बाजूंनी टायने बांधली तर वर्षानुवर्षं तुटत नाही. स्वस्तातल्या पकडीने दाबलेल्या क्रिंपपेक्षा ते बरं. चांगली क्रिंपिंग पकड हाताशी असेल तर तुमचं बरोबर.

तांब्याची_तार

मान्य. साध्या पकडीने चेपलेला थिंबल ओढून बघा, निसटला तर तो क्रिंप नव्हेच.

गिरणारेकर

बसवले. रिले डाव्या बाजूच्या लाइनिंगमागे, पिना खाली. पण डावा दिवा उजव्यापेक्षा मंद आहे, कधी कधी मिचकावतो. अदलाबदल करून बघितली, मंदपणा डावीकडेच राहतो.

तांब्याची_तार

म्हणजे दिवा ठीक आहे, बहुधा अर्थ खराब. दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक डाव्या दिव्याच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा (छोटी पडली तर लांब वायर जोडा). ०.२ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थ पकडत नाही. थिंबलखालचा रंग सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, खाचांचा वॉशर टाका, बोल्ट कसा, वरून ग्रीस. नुकताच झिंक मारलेल्या पट्टीलाच अर्थ दिला असेल तर तिथेच चूक आहे. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकाच जागी, गाडीच्या बॉडीला आणा.

पाथर्डी_फाटा

त्यासोबत एवढं बघून घ्या. डिकीत शिरणारी वायर रबरी ग्रोमेटमधून, आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळावरून टपकेल. दिव्याच्या मागे बारीक श्वास-भोक असतं, ते सिलिकॉनने बुजवू नका. बुजलं की काचेत वाफ धरते. सिलिकॉन कुठे वापरलंच तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं.

गिरणारेकर

०.९ व्होल्ट दाखवत होतं. पट्टीलाच अर्थ दिला होता. बॉडीवर घेतला, आता ०.०४. दोन्ही दिवे सारखे.