रात्रपाळीत खाणीचा मुख्य पंखा हळू चालवला तर चालेल का?

पंखाघर_वणी

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. मुख्य पंखा, सबस्टेशन आणि पंप माझ्याकडे आहेत. विजेचा खर्च कसा कमी करता येईल, याचा प्रस्ताव पंधरा दिवसांत द्यायला सांगितलं आहे. सोबतच्या कागदात 'मागणीनुसार वायुवीजन' असा शब्द आहे: जिथे माणूस आणि मशीन तिथेच पुरेशी हवा, बाकी ठिकाणी कमी. उदाहरण म्हणून स्वीडनमधली गारपेनबर्ग आणि कॅनडातल्या सडबरीच्या खाणी दिल्या आहेत.

आमचे आकडे असे. मोटर ३.३ केव्हीवर २८ अँपिअर घेते, पॉवर फॅक्टर ०.८५, म्हणजे साधारण १३६ किलोवॅट. दिवसाला ३,२६४ युनिट, वर्षाला जवळपास १२ लाख. वॉटर गेज, म्हणजे पंख्याचा दाब, पाण्याच्या १०० मिमी. पंख्यावर हवा मिनिटाला ४,८०० घनमीटर. दोन डिस्ट्रिक्ट, म्हणजे हवेचे वेगळे विभाग आहेत, दोन्हींच्या शेवटच्या कनेक्शनला, म्हणजे कामाच्या जागेआधीच्या शेवटच्या जोडवाटेला, मिळून २,१००. सगळ्यात मोठ्या पाळीत १६० माणसं, रोजचा कोळसा ६०० टन. गॅसच्या हिशेबाने खाण पहिल्या डिग्रीची, म्हणजे सगळ्यात कमी गॅसच्या वर्गातली.

पंख्याची गती ८० टक्के केली तर वीज गतीच्या घनाने उतरते, म्हणजे ५१ टक्क्यांवर येते. तिसऱ्या पाळीत आणि रविवारी आत पंपवाले, सरदार (सुरक्षेची तपासणी करणारे) आणि दोन-चार माणसंच असतात. तेवढा वेळ व्हीएफडी (मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह) लावून पंखा हळू चालवला तर कागदावर बचत मोठी दिसते. पण सही करायला हात धजत नाही. माझा चुलतभाऊ डिपच्या, म्हणजे उताराकडच्या, डिस्ट्रिक्टला सरदार आहे. आमचं घर पंखाघरापासून अर्ध्या किलोमीटरवर, मधात कपाशीचं शेत. रात्री पंख्याची घरघर थांबली की माझी आई झोपेतून उठून बसते आणि आधी तिसऱ्या पाळीला कोण कोण गेलं ते विचारते. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी सांगावं.

मॅंगनीज_तुमसर

आमची खाण मॅंगनीजची, कट अँड फिल पद्धत, म्हणजे खनिज काढलेल्या जागी खाली रेतीचा भराव. आम्ही मुख्य पंख्याला हात लावला नाही, फक्त सहायक पंखे पाहिले. चार हेडिंगमध्ये (पुढून बंद असलेल्या बोगद्यांत) काम बंद असूनही ११ किलोवॅटचे चार पंखे रात्रंदिवस सुरू होते. आता ते गरजेपुरतेच चालतात. रोजचे १६ तास वाचले, म्हणजे ७०४ युनिट. ब्लास्टिंग झाल्यावर मात्र धूर निघून मीटरवर कार्बन मोनॉक्साइड उतरेपर्यंत पंखा पूर्ण चालतो, त्यात काटकसर नाही. ज्या हेडिंगचा पंखा बंद, तिच्या तोंडाशी कुंपण घालतो. पुन्हा सुरू केल्यावर तपासणी झाल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. तुमच्याकडे गॅस आहे, त्यामुळे आमचं जसंच्या तसं उचलू नका.

जुना_व्हेंटिलेशनवाला

भाऊ, बल्लारपूर पट्ट्यात माझी ३१ वर्षं गेली, शेवटची १४ व्हेंटिलेशनला. तुम्ही आकडे मनापासून दिले म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायदा. कोल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ प्रमाणे प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या शेवटच्या कनेक्शनला माणशी मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या टनामागे २.५ घनमीटर, यांतलं जे जास्त ते पोचलं पाहिजे. तुमच्या १६० माणसांचे ९६० होतात, ६०० टनांचे १,५००. म्हणजे दोन्ही डिस्ट्रिक्ट मिळून किमान १,५००, आणि तुमच्याकडे २,१०० आहे. पण माणसं मोजायची ती सगळ्यात मोठ्या पाळीची. रविवारी आत पाचच जण आहेत म्हणून पाच जणांपुरती हवा द्यावी, असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरं, गॅस पाळी पाहून निघत नाही. स्वीडन-कॅनडाच्या त्या खाणी कठीण खडकातल्या, धातूच्या. तिथे डिझेल गाड्यांचा धूर किती, यावर हवेची गरज ठरते. गाडी हेडिंगमधून निघाली की तिथली हवा कमी करता येते. कोळशात माणूस वर आला तरी मिथेन निघतच राहतो. डिस्ट्रिक्टच्या रिटर्नमध्ये, म्हणजे वापरलेली हवा परत जाते त्या वाटेत, तो ०.७५ टक्क्याच्या वर जाता कामा नये, आणि कुठेही १.२५ झाला की वीज तोडावी लागते. ती तोडायची वेळ तुमच्यावरच येणार.

तिसरी गोष्ट प्रस्तावात कोणी लिहीत नाही. आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो. जुने गोफ, म्हणजे कोळसा काढून सोडलेल्या पोकळ्या, तुम्ही स्टॉपिंग, म्हणजे वाट अडवणारी भिंत, घालून बंद केलेले असतील. पंखा एक्झॉस्टचा, म्हणजे हवा बाहेर ओढणारा, असेल तर तो हळू केला की खाणीतला दाब थोडा वाढतो आणि बाहेरची हवा फटीतून गोफमध्ये शिरते. सकाळी पुन्हा जोरात केला की गोफमधला वायू बाहेर येतो. रोज असं केलं तर गोफला तुम्ही रोज ताजा ऑक्सिजन पाजून राहिले. म्हणून कोळशाच्या खाणीत मुख्य पंखा पाळीप्रमाणे खालीवर करायला माझा ठाम विरोध आहे. एकदा योग्य जागी आणा आणि तिथेच स्थिर ठेवा.

आता खरी बचत. तुम्ही पंख्याकडे पाहून राहिले, मी ४,८०० आणि २,१०० कडे पाहून राहिलो. मधले २,७०० घनमीटर फेसवर, म्हणजे कोळसा काढतात तिथे, न जाताच इन-टेकमधून (ताजी हवा आत येते त्या वाटेतून) रिटर्नमध्ये पळतात. स्टॉपिंगच्या भेगा, एअर क्रॉसिंग (दोन हवांच्या वाटा एकमेकींवरून जातात ती जागा), नीट न लागणारी दारं. पंखा त्यांनाही ओढतो आणि त्यांचंही बिल लागते. समजा गळती इतकी कमी झाली की तेच २,१०० फेसला द्यायला पंख्यावर ३,८०० पुरले. ३,८०० म्हणजे आजच्या ७९ टक्के, त्याचा घन काढला तर वीज निम्म्यावर येते. पुरती निम्मी होणार नाही, कारण गळतीच्या वाटा बुजल्या की खाणीचा रोधही वाढतो. तरीही तुमच्या तिसऱ्या पाळीच्या हिशेबापेक्षा ही बचत मोठी आहे, आणि ती चोवीस तास मिळते.

सुरुवात पंख्याजवळच्या स्टॉपिंगपासून करा. तिथे दाबाचा फरक सगळ्यात जास्त, म्हणून गळतीही जास्त. विटांची स्टॉपिंग दुरून धडधाकट दिसते. जवळ जा, कॅपलॅम्प तिरपा धरा आणि वीट छताला टेकते तिथे चिमूटभर स्टोन डस्ट सोडा. भेग असेल तर ती खाली पडत नाही, आडवी ओढली जाते. मग हाताची पाठ लावून पाहा. आम्हाला एका स्टॉपिंगला चहाच्या बशीएवढं भोक सापडलं होतं. कधीतरी केबल नेली होती, केबल काढली, भोक तसंच राहिलं. तिथून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि रोज शंभर माणसं त्याच्यासमोरून जायची.

मायनिंग_यवतमाळ

काका, बरोबर आहे. व्हीएफडीबद्दल माझी भर: ३.३ केव्हीचा ड्राइव्ह महाग पडतो, आणि एकाच गतीवर कायम चालवायचं तर त्याची गरजच नाही. पंखा अ‍ॅक्सियल असेल तर पाती एक पायरी कमी कोनावर बसवा. एका रविवारचं काम आहे. फक्त पंख्याचा कर्व्ह (दाब आणि हवेचा आलेख) समोर ठेवा, रोध वाढल्यावर पंखा स्टॉलमध्ये जायला, म्हणजे पात्यांची हवेवरची पकड सुटायला नको. एक विचारायचं होतं, टेलिमॉनिटरिंगचे, म्हणजे वर बसून गॅस दाखवणारे, सेन्सर आहेतच, तर तेवढ्यावर विसंबून हवा कमी करता येणार नाही का?

जुना_व्हेंटिलेशनवाला

सेन्सर जिथे टांगला तिथलंच सांगतो. छताच्या खळग्यात साचलेला गॅस त्याला दिसत नाही, तो सरदाराच्या हातातल्या मिथेनोमीटरलाच सापडतो. आणि पावसाळा विसरू नका. वेट बल्ब, म्हणजे ओल्या कापडाच्या थर्मामीटरचं तापमान, ३०.५ अंशांच्या वर गेला की हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर लागतो, आणि ३३.५ च्या वर तो जाऊच द्यायचा नाही. पात्याचा कोन ठरवताना ऑगस्टमधली मापं घ्या.

पंखाघर_वणी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. व्हेंटिलेशन ऑफिसर आणि चुलतभावासोबत दोन रविवार फिरलो. २६ स्टॉपिंग पाहिल्या, ११ गळक्या निघाल्या. सिमेंटचं प्लास्टर केलं, एका दाराची चौकट बदलली. चानकाच्या (खाणीच्या उभ्या विहिरीच्या) तळाशी पहिल्याच स्टॉपिंगला छताजवळ हात जाईल एवढी फट होती. मी तिथून आठ वर्षं जाऊन राहिलो आणि कधी मान वर केली नाही, याचं फार वाईट वाटलं.

आता वॉटर गेज १०४, पंख्यावर ४,६५०, शेवटच्या कनेक्शनला २,४८०. अँपिअर मात्र २८ च्या आसपासच आहे. बिल अजून तेवढंच, कारण पंख्याला आम्ही हात लावलेला नाही. पण भाऊ म्हणाला, डिपच्या फेसवर आता अंगातला घाम सुकते.

तिसऱ्या पाळीत हळू चालवायचा मुद्दा प्रस्तावातून काढला. पाती एक पायरी कमी करायचं लिहिलं, सोबत पंख्याचा कर्व्ह आणि दोन्ही डिस्ट्रिक्टची मापं जोडली. परवानगी येईपर्यंत ऑगस्टची मापं हाती येतील. उरलेल्या १५ स्टॉपिंगला आम्ही पाहिलं ते नुसतं डोळ्यांनी आणि हाताने. त्यांची गळती आकड्यात मोजायची असेल तर अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) इन-टेकमध्ये कुठे कुठे धरायचा, काका?