आधी चिमटीत धरून बघा

गच्चीतल्या कमळाच्या टबात हिरव्या केसांसारखं शेवाळ झालंय, ते स्पायरोगायरा नावाचं धाग्यांचं शेवाळच असणार, असं कुणी म्हणेल. जरा थांबा. बुळबुळीत लागून बोटांतून सटकलं तर स्पायरोगायरा. ओल्या कापसासारखं खरबरीत लागलं तर बहुधा क्लॅडोफोरा, हे दुसरं धाग्यांचं शेवाळ.

आमच्या कोथरूडच्या टबातलं मीही वर्षभर स्पायरोगायरा म्हणून मिरवलं. भाचीने कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर धाग्यांना चक्क फांद्या! स्पायरोगायराला फांद्या नसतात, पेशीत हिरवी फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दिसते. झाली फजिती. (तसं क्लॅडोफोराही कमी मानाचं नाही. १८८२ साली जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी त्याच्याच धाग्यावर लोलकातून प्रकाश पाडला, तर प्राणवायूच्या मागे धावणारे जिवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले, म्हणजे प्राणवायू तिथेच जास्त तयार होत होता.)

दुपारी शेवाळाची गोधडी वर तरंगते ती धाग्यांत अडकलेल्या प्राणवायूच्या बुडबुड्यांमुळे. तेव्हाच जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखी गुंडाळून काढा. शेवाळ मारायला मोरचूद मात्र नको, टबात गप्पी मासे असतील तर मरतील. आणि कमळाला शेणखत जरा हात राखून घाला, जास्त झालं तर शेवाळच पोसतं.