मदत हवी आहे: फोनो प्रीअँपमध्ये फक्त संध्याकाळी येणारं १०० हर्ट्झचं हमिंग

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. फोनो प्रीअँपच्या (टर्नटेबलच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) पॉवर सप्लायसाठी मदत हवी आहे. ठिकाण सोलापूर, नीलम नगर भाग, आजूबाजूला यंत्रमाग.

सप्लाय असा आहे: १२-०-१२, ५०० मिलिअँपिअरचा साधा ईआय ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड, पुढे प्लस आणि मायनस व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर एलएम ३१७ आणि एलएम ३३७. दोन्हीकडे २४० ओहम आणि २.७ के (किलोओहम) चे रेझिस्टर, म्हणजे आउटपुट ±१५.४ व्होल्ट. ॲडजस्ट पिनवर कपॅसिटर नाही. प्रीअँपच्या बोर्डवर दोन्ही चॅनेल मिळून तीन एनई ५५३२ (ऑपअँप आयसी), प्रत्येकाच्या दोन्ही सप्लाय पिनांपाशी १०० मायक्रोफॅरड. इंडिकेटर एलईडी धरून प्लस रेलवर (सप्लायच्या लाइनवर) ३४ मिलिअँपिअर. गेन १ किलोहर्ट्झला ४० डेसिबल.

लक्षणं: दुपारी पूर्ण शांत. संध्याकाळी सातच्या सुमारास हमिंग सुरू होतं, रात्री अकरानंतर आपोआप जातं. मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपवर १००, २००, ३०० हर्ट्झला टोकं दिसतात. लाइन इनपुटवर काही नाही, फक्त फोनोवर. इनपुटला शॉर्टिंग प्लग लावला तरी आवाज तसाच. घरातला व्होल्टेज दुपारी २३६, रात्री आठला १९२ ते १९८.

शास्त्रीय गायनाच्या एलपीवर हे फार खटकतं. गायकाचा सा काळी एकचा असेल तर तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास येते. शेजारी हे १०० हर्ट्झ. विलंबित आलापीत सेकंदाला चार वेळा थरथर ऐकू येते, जणू तानपुराच नीट लागलेला नाही.

करून पाहिलं ते: फिल्टरचे २२०० मायक्रोफॅरड/२५ व्होल्टचे कपॅसिटर काढून १०,०००/२५ लावले. बोर्डवर बसले नाहीत म्हणून वायर काढून बाजूला चिकटवले. रात्रीचं हमिंग थोडं कमी झालं, पण आता दिवसासुद्धा बारीक चरचर येते, जी आधी नव्हती. आता एलटी ३०४५ आणि एलटी ३०९४ या कमी नॉइजच्या रेग्युलेटरची तयार बोर्डं मागवायचा विचार आहे. त्यांनी काम होईल का?

ओघ

ताई/दादा, आधी स्टॅबिलायझर लावून बघा. व्होल्टेज पडतो तेव्हाच होतंय म्हणजे कारण तेच.

शंभरहर्ट्झ

ओघ, कारण बरोबर ओळखलंत, पण हे औषध नको. रिले टाइप स्टॅबिलायझर टॅप बदलताना खटका देतो, आणि तो खटका ४० डेसिबलच्या गेनमधून गेला की स्पीकरमध्ये टाक् असा येतो. सप्लायच कमी व्होल्टेजला टिकेल असा हवा.

मंद्रसप्तक, बोर्डं आत्ता मागवू नका. आज रात्री आठ वाजता तीन मापं घ्या आणि इथे टाका. एक, फिल्टर कपॅसिटरवरचा कच्चा डीसी. दोन, रेग्युलेटरनंतरचा डीसी. तीन, रेग्युलेटरनंतर मल्टिमीटरच्या एसी मिलिव्होल्ट रेंजवर काय दिसतं ते. आणि फिल्टर कपॅसिटरच्या वायरिंगचा फोटो.

मंद्रसप्तक

रात्री ८.१०, मेन्स १९५.
कच्चा डीसी: +१५.४, −१५.५.
आउटपुट: +१३.८, −१३.९.
आउटपुटवर एसी: १० मिलिव्होल्ट. दुपारी याच जागी शून्य होतं आणि आउटपुट बरोब्बर १५.४.
फोटो जोडला आहे.

शंभरहर्ट्झ

मग प्रश्न सुटला. तुमचे दोन्ही रेग्युलेटर संध्याकाळी रेग्युलेट करतच नाहीयेत.

हिशोब बघा. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इतक्या हलक्या भाराला २३० वर साधारण १३.४ देतो. १९५ वर तेच ११.४ होतात. शिखर १६.१, एका डायोडचे ०.८ वजा केले की १५.३. तुमचं माप याला जुळतं. एलएम ३१७ ला इतक्या करंटला इनपुट आणि आउटपुटमध्ये किमान दीड-पावणेदोन व्होल्ट लागतात. तुम्ही त्याच्याकडून १५.४ मागताय आणि त्याच्या हातात १५.४ च आहेत. तो पूर्ण उघडा राहतो, आणि इनपुटवरचा रिपल (डीसीवर उरलेली १०० हर्ट्झची लहर) जसाच्या तसा आउटपुटवर उतरतो. रिपल = करंट ÷ (१०० × कपॅसिटन्स). ३४ मिलिअँपिअर आणि १०,००० मायक्रोफॅरडला टोक ते टोक ३४ मिलिव्होल्ट, म्हणजे आरएमएस (मीटर दाखवतो ते प्रभावी मूल्य) १०. तुमच्या मीटरनं नेमका हाच आकडा दाखवला. जुन्या २२०० ला तो ४५ असणार, म्हणूनच कपॅसिटर वाढवल्यावर थोडा फरक पडला. तुमच्या सर्किटला १५.४ धरून ठेवायला मेन्स निदान २१८-२२० हवा. संध्याकाळी मागांचा आणि घरांचा भार एकदम चढतो तेव्हा तो तिथे राहत नाही. शिवाय लाइनचं शिखर चपटं झालं असेल तर मीटरवरचा आरएमएस बरा दिसतो आणि कपॅसिटर मात्र कमीच भरतो. त्यामुळे नेहमी कच्चा डीसी मोजा, नुसत्या मेन्सच्या आकड्यावर जाऊ नका.

आता कोणी म्हणेल, एनई ५५३२ सप्लायमधला बदल १०० डेसिबलनं दाबतो, मग १० मिलिव्होल्ट ऐकू कसे येतात? आयसीमधून ते येतच नाहीत, ग्राउंडमधून येतात. १०० हर्ट्झला १०० मायक्रोफॅरड म्हणजे १६ ओहम. रेलवर १० मिलिव्होल्ट असले की आयसीच्या सप्लाय पिनांपाशी असलेला प्रत्येक बायपास कपॅसिटर ०.६ मिलिअँपिअर रिपल करंट सिग्नल ग्राउंडमध्ये ओततो. साध्या पीसीबीवर २ मिमी रुंद, १० सेंमी लांब ग्राउंड ट्रॅकचा रोध २५ मिलिओहम असतो. म्हणजे १५-१६ मायक्रोव्होल्ट. तो तुकडा इनपुट सॉकेट आणि पहिल्या आयसीच्या मध्ये आला, तर ते थेट कार्ट्रिजच्या (सुईच्या) सिग्नलमध्ये मिळतात. आरआयएए (एलपीसाठी ठरलेली, खालचे स्वर वाढवणारी भरपाई) मुळे १०० हर्ट्झचा गेन १३ डेसिबलनं जास्त, म्हणजे ५३ डेसिबल, साधारण ४५० पट. आउटपुटवर ७ मिलिव्होल्ट. प्लस-मायनस एकमेकांना थोडं खोडतात, पण तुमचा एलईडी एकाच रेलवर असल्यानं पूर्ण खोडत नाहीत. लाइन इनपुटला हा गेनच नाही, म्हणून तिथे शांतता.

एलटी ३०४५ चं म्हणाल तर आयसी उत्तम आहे, आउटपुटचा नॉइज १ मायक्रोव्होल्टच्याही आत. पण इनपुट जर आउटपुटइतकाच असेल तर तोही हतबल. वर त्याची इनपुट मर्यादा २० व्होल्ट. रात्री भार उतरून मेन्स २५० झाला की तुमचा कच्चा डीसी १९.८ ला पोचतो. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ केलात तर ते बोर्ड पहिल्याच दिवशी जाईल.

आज करायची खात्री: दोन्ही २.७ के वर ८.२ के समांतर टाका. काही उपटायचं नाही, मागून सोल्डर करायचं. दोन्ही मिळून २.०३ के होतात, आउटपुट ±११.९. मेन्स १७५ पर्यंत उतरला तरी रेग्युलेटर जागा राहील. एनई ५५३२ ला हा सप्लाय पुरेसा आहे. आउटपुटची कमाल पातळी अडीच डेसिबलनं घटेल, पण ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला ४० डेसिबलनं अर्धाच व्होल्ट होतो. जागा भरपूर उरते.

जाडतार

फोटो पाहिला. दिवसाची चरचर वेगळी आहे आणि ती नव्या कपॅसिटरच्या वायरिंगमधून आली आहे.

तुम्ही ट्रान्सफॉर्मरची मधली तार जुन्या जागीच बोर्डवर ठेवली, तिथूनच दोन लांब वायर नव्या कपॅसिटरना नेल्या, आणि प्रीअँपचं ग्राउंडही तिथूनच घेतलं. कपॅसिटर दर अर्ध्या सायकलला क्षणभरच भरतो. सरासरी ३४ मिलिअँपिअर असले तरी त्या क्षणी त्याच्या कित्येक पट करंट या वायरमधून धावतो. त्या वायरवर पडणारा व्होल्टेज तुमच्या ग्राउंडला हलवतो. रेग्युलेटर यात काहीच करू शकत नाही, कारण त्याचं स्वतःचं संदर्भग्राउंडच हलतंय. टोकदार पल्स असल्यानं आवाज हमसारखा गोल येत नाही, चरचरीत येतो.

दुरुस्ती अशी. दोन्ही कपॅसिटरचे ग्राउंडचे पाय जाड तांब्याच्या तुकड्यानं आखूड जोडा. २.५ चौमिमी वायरिंगची तार सोलून घेतली तरी चालेल. ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट या तुकड्यावर आणा. तुकड्याच्या दुसऱ्या बाजूनं एकच तार काढा, तिचं टोक म्हणजे तुमचा स्टार. दोन्ही रेझिस्टर-जोड्यांचं खालचं टोक, रेग्युलेटरच्या आउटपुट कपॅसिटरचं ग्राउंड आणि प्रीअँप बोर्डचं ग्राउंड, सगळं स्टारवर. तांब्याच्या तुकड्यावर थेट यातलं काहीही नको. खरं तर ३४ मिलिअँपिअरला २२०० पुरेसे आहेत. जुनेच चांगल्या स्थितीत असतील तर परत बोर्डवर बसवा, लांब वायरींची भानगडच मिटेल.

त्याच बैठकीत ॲडजस्ट पिनपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड/२५ टाका. एलएम ३१७ चं रिपल दाबणं त्यानं ६५ वरून ८० डेसिबलच्या घरात जातं. ३३७ च्या बाजूला कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला, हे विसरू नका. सोबत ॲडजस्ट ते आउटपुट एक १एन४००७, ३१७ ला कॅथोड आउटपुटकडे, ३३७ ला उलटा. आउटपुट शॉर्ट झाला तर कपॅसिटर आयसीच्या पोटातून रिकामा होऊ नये म्हणून तो डायोड. ३३७ च्या आउटपुटवर १० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक हवाच. तिथे नुसता सिरॅमिक लावला तर रेग्युलेटर थरथरायला लागण्याची भीती असते.

अर्थिंगची पिन काढून हमिंग घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॉक्सचा पत्रा अर्थलाच राहिला पाहिजे. स्टार आणि पत्रा यांच्यात १० ओहम, १०० नॅनोफॅरड आणि ३५ अँपिअरचा ब्रिज समांतर लावा. ब्रिजचे प्लस-मायनस एकत्र जोडून एक टोक, दोन्ही एसी पाय एकत्र जोडून दुसरं. आरसीए सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेटेड ठेवा. टर्नटेबलची अर्थ वायर पत्र्याला, फोनो सॉकेटच्या शेजारी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थ पिट कोरडा पडतो. न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज एकदा मोजून ठेवा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर पिटात पाणी घालण्यापासून सुरुवात करा.

मंद्रसप्तक

शंभरहर्ट्झ सर, जाडतार सर, दोघांचेही मनापासून आभार.

पहिल्या रात्री फक्त ८.२ के टाकले. ८.१५ ला मेन्स १९४, आउटपुट +११.९ आणि −११.९, एसी शून्य. १०० हर्ट्झचं टोक दुपारइतकंच उरलं. आलापीतली थरथर गेली. दुसऱ्या दिवशी २२०० परत बसवले, स्टार केला, ॲडजस्टचे कपॅसिटर आणि डायोड टाकले. चरचरही गेली.

तीन गोष्टी उरल्या. आवाज पूर्ण वर नेला तर ॲपवर ५० हर्ट्झचं छोटं टोक दिसतं. माग चालू-बंद होताना कधीतरी बारीक टिक् येते. आणि पुढे ट्रान्सफॉर्मर मोठा घ्यायचा का? घेतला तर रेग्युलेटर थेट पत्र्याला कसले तर चालतील का?

जाडतार

५० म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. १०० असतं तर सप्लायमध्ये शोधावं लागलं असतं. ईआय ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, बंद करून ९० अंशात फिरवा, चालू करून ऐका. दर वेळी प्लग काढूनच हात लावा. एका दिशेला टोक स्पष्ट घटतं, तिथे कसा. पहिल्या आयसीपासून जितका लांब तितकं बरं. महागड्या प्रीअँपमध्ये सप्लायचा डबा वेगळा ठेवतात तो मुख्यतः यासाठीच. तुम्ही डबा वेगळा केलात तर रेग्युलेटर प्रीअँपच्याच डब्यात ठेवा आणि केबलमधून कच्चा डीसी आणा.

टिक् साठी फ्यूजनंतर फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरड एक्स२, २७५ व्होल्ट एसीचा, त्यावर ४७० के, आणि १४डी४७१ एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग). एक्स२ (थेट मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार) लिहिलेलाच घ्या. साधा ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर तिथे लावला आणि तो शॉर्ट झाला तर पेटू शकतो.

शंभरहर्ट्झ

±१२ वर समाधान असेल तर ट्रान्सफॉर्मर बदलू नका. ±१५ च हवे असतील तर १५-०-१५, पण फिल्टर ३५ व्होल्टचे करा. मेन्स २६० झाला की कच्चा डीसी २६ ला जातो, तुमचे २५ वाले फुगतील. १८-०-१८ घेतलात तर ३१ च्या पुढे जातो, तिथे ५० व्होल्टचेच. सोलापुरात मनासारखा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला नाही तर पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, ३० व्हीए पुरेसा. फ्यूज २५० मिलिअँपिअर, स्लो ब्लो.

पत्र्याला थेट कसू नका. ३१७ ची टॅब आउटपुटला असते आणि ३३७ ची इनपुटला. दोन्ही एकाच पत्र्याला लागल्या तर +१२ आणि कच्चा मायनस डीसी थेट शॉर्ट होतील. दोन्हीखाली अभ्रकाची चकती, स्क्रूला प्लास्टिकचा बुश, दोन्ही बाजूंना थोडी हीट सिंक पेस्ट. कसून झाल्यावर, पाय सर्किटला जोडण्याआधी, प्रत्येक टॅब ते पत्रा मीटरच्या सर्वांत वरच्या ओहम रेंजवर मोजा. आकडा आला तर चकतीखाली ड्रिलचा बारीक कीस अडकलेला असतो. उघडा, भोकाची कड काउंटरसिंकनं साफ करा, नवी चकती घाला. पायांचा क्रमही तपासा: समोरून बघताना ३१७ चा ॲडजस्ट, आउट, इन. ३३७ चा ॲडजस्ट, इन, आउट.