मदत हवी आहे: आरसीसीबी सारखा पडतोय, टाइल्सवाल्याचे पैसे अडवू का?

वैतागवाडी:
फ्लॅटचं काम संपत आलंय, शनिवारी सामान हलवायचंय आणि फ्रिज लावला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो फ्रिज खराब. अहो, कोरा फ्रिज आहे! बाथरूमच्या टाइल्स लावताना तारांचा पाइप फोडला असणार. टाइल्सवाल्याचे शेवटचे पैसे अडवून धरू का? लवकर सांगा.

मधुमालती:
आरसीसीबी की एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा? लोक दोन्हीला 'ट्रिपर' म्हणतात म्हणून विचारतेय. आणि फक्त फ्रिजवरच पडतो का?

वैतागवाडी:
आरसीसीबीच. ३० मिलिअँपिअर लिहिलंय. बेडरूममध्ये इस्त्री लावली तरी पडतो. काही लावलं नाही तर टिकतो. किचनचा एमसीबी खाली करूनही तेच. पण माझा प्रश्न पैशांचा आहे.

चिंचवडचा तात्या:
कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतली वायरिंग, हे फॅड आहे. आमच्याकडे १९८८ पासून भिंतीवर पट्टी. तार कुठून गेलीय ते आंधळ्यालाही कळतं, कोण कशाला खिळा मारेल?

झिरीसम्राट:
तात्या, तुमच्या पट्टीमागे झुरळांनी सोसायटी रजिस्टर केली असेल. हलके घ्या.
वैतागवाडी, टाइल्सनंतर घरात कोण कोण येऊन गेलं?

वैतागवाडी:
पीओपीवाला, प्लंबर. परवा सुतार, किचनची वरची कपाटं लावायला. त्याने फक्त भोकं पाडली.

झिरीसम्राट:
"फक्त भोकं पाडली"! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो.
पाइपावर जेमतेम इंचभर प्लास्टर असतं आणि कपाटाला दोन-अडीच इंची स्क्रू. न्यूट्रल (करंटची परतीची तार) आणि अर्थिंग चिकटलंय असं मला वाटतं. लोड नसताना टिकतो, कुठेही लोड दिला की परतीचा थोडा करंट अर्थिंगमधून जातो आणि आरसीसीबी पडतो. साधा एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून तो खाली करून काही कळत नाही. वायरमनकडून मेन बंद करून, किचनचा न्यूट्रल, सगळे न्यूट्रल जिथे जोडलेले असतात त्या लिंकवरून सोडवून घ्या, टोकाला टेप लावा, मग इस्त्री लावून बघा.

मेगरवाला:
असे अंदाज करण्यापेक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) चेक करा. सगळे प्लग काढून. १ मेगओहमच्या खाली आलं की ती लाइन गेली.

झिरीसम्राट:
फ्लॅटच्या कामावर मेगर घेऊन येणारा वायरमन मला तरी अजून भेटला नाही.

मेगरवाला:
मी आणतो.

सोनचाफा:
गिझर गॅसचा घेऊ नका, बंद बाथरूममध्ये धोका असतो.

मधुमालती:
गिझरचं कुणी विचारलं?

आम्ही घर बांधताना प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढले होते. पाइपांच्या तोंडात कागदाचे बोळे, बॉक्सवर थर्माकोल, नाहीतर गवंडी सिमेंट भरून मोकळा होतो. तारा प्लास्टर वाळल्यावर ओढल्या. आणि सुतार यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः खडूने प्रत्येक बोर्डाच्या वर-खाली उभी रेघ मारली. एकदा त्याने रेघ पुसून भोक पाडलं, तो भाग वेगळा.

वैतागवाडी:
सापडलं. न्यूट्रल सोडवल्यावर इस्त्री दहा मिनिटं चालली. मग कपाटाचे स्क्रू एकेक काढले. तिसरा, मिक्सरच्या बोर्डाच्या बरोब्बर वर. त्याच्या आट्यांत काळं आणि हिरवं, दोन्ही प्लास्टिक अडकलेलं होतं. सुतार म्हणतो, मला कुणी सांगितलं का इथे लाइन आहे?
सांगितलं नव्हतं. वायरमनने झिऱ्यांचे (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचांचे) फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, मी अंगठा दाखवून सोडून दिले होते.
वायरमन आता म्हणतो तिथेच फोडून जॉइंट मारतो.

झिरीसम्राट:
भिंतीत जॉइंट नको. जुन्याच तारेला नवी बांधून ओढायला सांगा. पाइप चेपला असेल तर तेवढा तुकडा बदला. स्क्रू चार इंच सरकवा.

वैतागवाडी:
बरं. टाइल्सवाल्याचे पैसे सकाळी देऊन टाकले. त्याला काही बोललो नव्हतो, नशीब.

चिंचवडचा तात्या:
पट्टी लावा.