भेकर : पाहिलंय की नुसतं ऐकलंय?

रालामंडळ अभयारण्यामुळे चितळ आणि नीलगाय आपल्या इंदूरकरांना ओळखीची. भेकर हे छोटं हरीण मात्र कळपात नसतं, उघड्यावर फारसं येत नाही आणि उंचीला जेमतेम दोन-अडीच फूट. सातपुड्यात, कान्हात, सह्याद्रीत, जिथे भेटलं असेल तिथलं लिहा, इंदुरातल्या आपापल्या वस्तीच्या नावानिशी. चितळांचे फोटो नकोत, प्लीज!

तिलकनगर : सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मढईला देनवा नदी बोटीनं ओलांडून जिप्सीत बसलो. सागाच्या रानात शिरतो न शिरतो तोच कुत्रं भुंकलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जवळपास वस्ती आहे का?" गाइडनं हात वर करून गाडी बंद करायला लावली. "काकड बोल रहा है, माताजी." काकड म्हणजे आपलं भेकर. एकेक भुंकणं, मध्ये थोडा थांबा, परत तेच. वाघ-बिबट्याची चाहूल लागली की ते असं कधीकधी तासभरही ओरडत राहतं म्हणे. आमच्या गाडीतल्या सगळ्यांच्या माना वाघासाठी वळलेल्या. वाघ काही आला नाही. भेकर डावीकडच्या झुडपातून निघून रस्ता ओलांडून गेलं, मान खाली घालून, ते मी आणि सासूबाईंनीच पाहिलं. त्या अजून कुत्रंच म्हणतात.

राजेंद्रनगर : पचमढीत नर दिसला होता, तोही दुर्बिणीतून. कपाळापासून खाली उतरलेल्या दोन काळ्या रेघा, केसाळ कातडीनं मढलेल्या लांब खुंटांवर इवलीशी शिंगं, आणि वरच्या ओठाबाहेर चक्क सुळे! नरांच्या मारामारीत हे सुळेच जास्त लागतात. आवळ्याखाली पडलेली फळं खात होता.

लोकमान्यनगर : मागे कुणीतरी इथे 'भेकर' म्हणून टाकलेला फोटो चौशिंग्याचा आहे हो. चार शिंगं मोजा की! भेकराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, चौशिंग्याची जन्मभर तीच. तो हरीणही नाही, गाई-शेळ्यांच्या कुळातला.

सुदामानगर : जंगलात कधी गेले नाही, पण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय. आपल्या भेकराच्या मादीत गुणसूत्रं फक्त 6, नरात 7. सस्तन प्राण्यांत एवढी कमी कुणाचीच नाहीत. त्याचाच भाऊबंद चिनी भेकर, त्याची 46, म्हणजे माणसाइतकी! मागच्या बाकावरची पोरंसुद्धा एवढं ऐकून मान वर करायची.

तिलकनगर : मॅडम, मग दोघांची पिल्लं होतात का?

सुदामानगर : पिंजऱ्यात झालीत. पण पुढे वंश चालत नाही.